हिमदंश: वितळवायचं कधी आणि थांबायचं कधी

ठाण्यात पारा पंधरावर आला की उपवन तलावाच्या काठावर कानटोप्या आणि मफलर दिसायला लागतात. थंडीशी आपली ओळख तेवढीच. पण दादोजी कोंडदेव स्टेडियमवर पहाटे भरतीचा सराव करणाऱ्या पोरांपैकी काही जण वर्षा-दोन वर्षांत द्रासला, पूर्व लडाखला, नाहीतर सियाचीनला जाऊन उभे राहतात. तिथे पारा उणे ४०-५० पर्यंत उतरतो. मी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत नर्सिंग असिस्टंट होतो. आता ठाण्यात राहतो आणि रविवारी या पोरांना प्रथमोपचार शिकवतो. हिमदंशाचा, म्हणजे थंडीने शरीराचा एखादा भाग गोठण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, गरम पाण्यात पाय सोडला की झालं ना?"

नाही झालं. कोमट पाण्यासारखा दुसरा उपाय हिमदंशावर नाही हे खरं, पण भलत्या वेळी तेच पाणी पाय घालवतं. म्हणून पाय शेकायचा कसा, याच्याआधी शेकायचा की नाही हे ठरवता आलं पाहिजे. पोस्टवर (चौकीवर) आरएमओ, म्हणजे युनिटचा डॉक्टर, किंवा रेडिओवरचा डॉक्टर सांगेल तो शब्द शेवटचा. तो मिळेपर्यंत बडीने, म्हणजे जोडीदार जवानाने, काय करायचं, ते इथे लिहितो.

आत काय घडतं

शरीराच्या ऊती शून्याच्या थोड्या खाली गोठतात. बर्फाचे स्फटिक आधी पेशींच्या बाहेर तयार होतात, पेशीतलं पाणी ओढून घेतात आणि पेशी आकसून मरतात. हे पहिलं नुकसान. दुसरं वितळल्यावर सुरू होतं. बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब झालेलं असतं, रक्त परत वाहू लागलं की तिथे सूज येते, गुठळ्या धरतात आणि बोटाचा रक्तपुरवठा आतूनच बंद पडतो. असा वितळलेला भाग पुन्हा गोठला, तर जे वाचण्यासारखं होतं तेही जातं.

१८१२ साली नेपोलियनच्या रशिया मोहिमेत शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी हेच डोळ्यांनी पाहिलं. सैनिक रात्री शेकोटीला पाय लावून बसायचे आणि सकाळी पुन्हा बर्फातून चालू लागायचे. पाय सडले. लारे यांनी दोष शेकोटीच्या उष्णतेला दिला आणि बर्फाने चोळायचा सल्ला दिला. तो सल्ला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं टिकला. १९६० च्या सुमारास अलास्कात डॉ. विल्यम मिल्स यांनी कोमट पाण्यात झटपट वितळवण्याचे परिणाम मांडले, तेव्हा कुठे तो मागे पडला. बर्फ चोळायला सांगणारा एखादा जुना माणूस अजूनही भेटतो. त्यांचा मान ठेवा, बर्फ मात्र लावू देऊ नका.

ओळखायचं कसं

नाक, कान, गाल, हातापायाची बोटं इथून सुरुवात होते. आधी झोंबतं, टोचतं. मग दुखणं थांबतं, आणि माणसाला वाटतं बरं झालं. धोका इथेच आहे. कातडी पांढरट किंवा पिवळसर मेणासारखी दिसते, दाबल्यावर टणक लागते, स्पर्श कळत नाही. आपला गाल आपल्याला दिसत नाही, म्हणून बडीने दर काही मिनिटांनी समोरच्याचा चेहरा बघायचा. नुसतं "ठीक आहेस ना?" विचारून भागत नाही, कारण सुन्न माणूस "ठीक आहे" असंच म्हणणार.

वारा विसरू नका. उणे २० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३३ सारखं लागतं, आणि १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. उघड्या हाताने धातूला हात लावला किंवा जेरीकेनमधलं रॉकेल हातावर सांडलं तर तेवढाही वेळ लागत नाही. रॉकेल उणे ४० च्या आसपासही द्रव राहतं, म्हणजे तितकं गार द्रव थेट कातडीवर पडतं.

अगदी सुरुवातीची पायरी असेल तर जागच्या जागी उपाय होतो. आडोशाला या, ओले हातमोजे-मोजे बदला, हात स्वतःच्या काखेत किंवा पाय बडीच्या पोटाशी, कपड्यांच्या आत, १० मिनिटं धरा. स्पर्श परत आला, मुंग्या आल्या, रंग लाल झाला तर कोरडे मोजे घालून काम सुरू ठेवता येतं. १० मिनिटांत संवेदना आली नाही तर तो हिमदंश समजायचा. आणखी दहा मिनिटं, मग आणखी दहा, असं करत बसायचं नाही.

आधी माणूस, मग बोट

बोट काळं पडतंय म्हणून सगळे बोटाकडे बघत बसतात आणि माणूस आतून गार होत जातो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. सुरुवातीला जोराची हुडहुडी भरते, हातातून वस्तू निसटतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो, माणूस विनाकारण चिडतो किंवा गप्प होतो. ऊब न मिळताच हुडहुडी थांबली, तर तापमान ३२ च्या खाली गेल्याची शक्यता धरा.

शुद्धीवर असेल आणि थरथरत असेल तर: वाऱ्यापासून आडोसा, खाली मॅट, ओले कपडे काढून कोरडे, वरून स्लीपिंग बॅग आणि सगळ्यांत बाहेर प्लास्टिक किंवा ताडपत्रीचा थर. डोकं झाका. गरम पाण्याच्या बाटल्या किंवा हीट पॅक कापडात गुंडाळून छाती, पाठ आणि काखांपाशी ठेवा, थेट कातडीवर नको. गरम, भरपूर गोड चहा द्या. थरथरणं हीच त्याची भट्टी आहे आणि साखर तिचं इंधन. लगेच उठवून चालवू नका, निदान अर्धा तास पडू द्या.

थरथर थांबलेली आणि भान हरपलेलं असेल तर तोंडाने काही देऊ नका. आडवंच ठेवा आणि अलगद हलवा, कारण गारठलेलं हृदय धक्क्याने बिघडू शकतं. हातपाय चोळायचे नाहीत. नाडी लागत नाही असं वाटलं तर पूर्ण एक मिनिट बघा, अशा वेळी ती फार मंद असते. खरोखरच नसेल तर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) सुरू करा. गारठलेला माणूस ऊब देण्याआधी मेला असं समजायचं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं, तेव्हा लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत सापडले होते. पुढे ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

उंचीचा आजारही याच वेळी तपासा. बसल्या जागी धाप, खोकला, फेसाळ थुंकी दिसली तर ऑक्सिजन आणि खाली उतरवणं पहिलं. ऑक्सिजनचा बोटालाही फायदाच होतो.

वितळवण्याआधीचे तीन प्रश्न

एक: हा भाग पुन्हा गोठण्याची शक्यता आहे का? दोन: पाय असेल तर याला त्यावर चालावं लागणार आहे का? तीन: तासभर कोमट पाणी पुरवण्याइतकं इंधन, बर्फ वितळवायला भांडं आणि दुखण्यावरचं औषध आपल्याकडे आहे का?

पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल, किंवा तिसऱ्याचं "नाही" असेल, तर वितळवू नका. गोठलेल्या पायावर चालून खाली येणं वाईट, पण वितळलेल्या पायावर चालणं त्याहून वाईट. असं चालावं लागणार असेल तर बूटही काढू नका. काढलात तर सुजेमुळे परत चढणार नाही. फक्त लेस सैल करा आणि काहीही आवळून बांधू नका.

हेलिकॉप्टर किंवा गाडी दोनेक तासांत मिळणार असेल तर भाग कोरडा गुंडाळा, कापूस-गॉजची जाड गादी करा आणि हलवा. सियाचीनच्या उंच चौक्यांवरून माणूस उतरवायला चीता हेलिकॉप्टर येतं, पण हवामान बिघडलं की ते दिवसेंदिवस येत नाही. "उद्या सकाळी येईल" हे उत्तर दोन तासांत मोडत नाही. तेव्हा बंकर उबदार असेल आणि माणूस तिथेच पडून राहणार असेल, तर वितळवा.

यात एक बारीक मुद्दा सुटतो. वितळवायचं नाही म्हणजे मुद्दाम गोठवून ठेवायचं असं नाही. आडोशाला आणल्यावर भाग आपोआप वितळू लागला तर वितळू द्या. त्यावर बर्फ लावू नका. त्यानंतर मात्र तो पुन्हा गोठू द्यायचा नाही आणि त्यावर भारही टाकायचा नाही.

टबाची कृती

सुरू करण्याआधी अंगठ्या, कडं, घड्याळ काढा. सूज आल्यावर निघत नाहीत. पोटाचा अल्सर, किडनीचा त्रास किंवा औषधाची अ‍ॅलर्जी नसेल तर आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी सुरू करतात. मात्रा दिवसाला किलोमागे १२ मिलिग्रॅम, दोन भागांत. म्हणजे ६५-७० किलोच्या जवानाला ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते नुसतं दुखण्यासाठी नसतं, सूज आणि गुठळ्यांच्या साखळीलाही थोडा आळा घालतं. त्याआधी पाणी प्यायला द्या. उंचीवर माणूस सुकलेला असतो आणि सुकलेल्या किडनीला हे औषध जड जातं.

पाण्याचं तापमान ३७ ते ३९ अंश. यापेक्षा गरम झालं तर सुन्न कातडी भाजते आणि माणसाला कळतही नाही. गार असेल तर वितळणं रेंगाळतं. थर्मामीटर असेल तर उत्तम. तापाचा डिजिटल थर्मामीटरही वेळेला चालतो, कारण हे आकडे त्याच्या पट्ट्यातले आहेत. काहीच नसेल तर उबदार हाताच्या निरोगी माणसाने पाण्यात हात घालून अर्धा मिनिट आरामात ठेवता येतो का बघावं. रुग्णाच्या हातावर भरवसा नको.

वर्गात आम्ही हे घरच्या सामानावर करून बघतो. गीझरचं पाणी, प्लास्टिकचा टब, बाळाच्या अंघोळीचा थर्मामीटर आणि फ्रीजरमधली मटारची पिशवी. ३९ वर पाणी लावून पिशवी बुडवली की आकडा डोळ्यांदेखत घसरतो, ३८, ३७, ३६, आणि पिशवीच्या भोवतालचं पाणी तर बाकीच्या टबापेक्षाही गार लागतं. मग पोरांना दोन गोष्टी न सांगता कळतात: टब मोठा हवा आणि पाणी सतत हलतं हवं. खऱ्या पायाच्या बाबतीत तिसरी गोष्ट जोडा. पाय टबाच्या तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही, अधांतरी धरायचा.

स्टोव्हवर दुसरं भांडं गरम ठेवा. पाणी गार झालं की आधी पाय बाहेर, मग गरम पाणी ओता, ढवळा, तापमान बघा, मग पाय आत. पायावर थेट उकळतं पाणी ओतणारा घाईतला माणूस मी पाहिलाय, म्हणून हा क्रम पाठ करून घेतो. पाण्यात थोडं बीटाडीन (जंतुनाशक) टाकलं तर चालतं.

साधारण अर्धा तास लागतो, खोल हिमदंशाला तासही. घड्याळापेक्षा कातडीकडे बघा. ती मऊ झाली आणि लालसर-जांभळी झाली की थांबायचं. या अर्ध्या तासात वेदना भयंकर असतात. मोठी माणसं ओरडतात, रडतात. ही वेदना रक्त परत आल्याची आहे हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो मध्येच पाय ओढून घेतो. जोरदार वेदनाशामक द्यायचं तर ते वैद्यकीय माणसाचं काम.

बुखारी (खोली तापवायची शेगडी), स्टोव्ह, हेअर ड्रायर, गाडीच्या इंजिनाची धग, गरम वीट: काहीही नको. बंद बंकरमध्ये बुखारी पेटलेली असेल तर हवा खेळती ठेवा. कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही.

वितळल्यानंतर

हवेवर सुकू द्या किंवा मऊ कापडाने टिपा, पुसू नका. कोरफडीचं जेल हलक्या हाताने लावा, साधारण सहा-सहा तासांनी. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संघटनेच्या डिपास या संस्थेने याच कामासाठी 'अलोकल' नावाचं कोरफडयुक्त क्रीम तयार केलं आहे. बोटांच्या मध्ये कोरडा गॉज, वरून सैल आणि जाड ड्रेसिंग, आणि भाग हृदयाच्या पातळीच्या वर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा. अँटिबायोटिक सरसकट लागत नाही, संसर्गाची लक्षणं असतील तरच.

फोड येतील. पांढऱ्या-पिवळ्या पाण्याचे असतील तर नुकसान वरवरचं, रक्ताळलेले असतील तर खोल. पोस्टवर कुठलाच फोड फोडू नका. सिगारेट आणि तंबाखूची पुडी बंद, निकोटिन आधीच अरुंद झालेल्या वाहिन्या आणखी आवळतं. रमही नको. प्यायल्यावर कातडीला ऊब वाटते, ती शरीराने आतून बाहेर फेकलेली उष्णता असते.

आता कागद-पेन घ्या. किती वाजता गोठल्याचं लक्षात आलं, वितळवणं कधी सुरू झालं, कधी संपलं, पाणी किती अंशांचं होतं, कोणती गोळी कधी दिली, आणि टबातून काढल्यावर निळसर-काळपट रंग कुठपर्यंत राहिला. बोटाच्या टोकापर्यंत, बोटाच्या बुडापर्यंत, की तळव्यापर्यंत? पुढचं भाकीत बरंचसं यावरच ठरतं. शक्य असेल तर फोटो काढा. या वेळा इतक्या काटेकोर हव्यात, कारण मोठ्या रुग्णालयातले उपचार घड्याळावर चालतात. गुठळ्या विरघळवणारं औषध वितळल्यापासून २४ तासांच्या आतच उपयोगी पडतं. आयलोप्रोस्ट हे रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध ७२ तासांपर्यंत सुरू करता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. अमेरिकेत त्याला गंभीर हिमदंशासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णासोबत वेळ लिहिलेली चिठ्ठी नसेल तर डॉक्टर अंदाजाने चालतो.

ओल्या पायांचं दुखणं वेगळं

गोठल्याशिवायही थंडी पाय बिघडवते. शून्य ते १५ अंशांत, ओल्या बुटात, तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस उभं राहिलं की नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत याने हजारो पाय गेले, १९८२ च्या फॉकलंड युद्धातही ब्रिटिश सैनिकांना त्याने छळलं. पाय पांढरट, सुजलेला, सुरकुतलेला आणि बधिर दिसतो. ठाण्या-कळव्यात पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, ते हे नव्हे. चिखल्या मलमाने जातात, याची बधिरता आणि थंडी न सोसणं वर्षानुवर्षं राहू शकतं.

इथे उपचार उलटा आहे. टबात झटपट शेकायचं नाही. बूट-मोजे काढा, पाय कोरडा करा, उंचावर ठेवा, अंग गरम ठेवा आणि पाय खोलीच्या हवेवर हळूहळू ऊब धरू द्या. नंतर तो लाल, गरम आणि जळजळता होतो. साध्या वेदनाशामकाने ते भागत नाही, डॉक्टर रात्री अमिट्रिप्टिलिनसारखं औषध देतात. टाळायचं तर रोज काही तास पाय बुटाबाहेर कोरडे राहिले पाहिजेत. सुकवलेला मोज्यांचा जोड अंगाशी, शर्टाच्या आत ठेवा. बूट घट्ट नको. दोन जाड मोजे कोंबून बूट आवळला तर एका मोज्यापेक्षा पाय जास्त गार पडतो. तोंडाला व्हॅसलीन फासल्याने हिमदंश टळत नाही, उलट माणूस निर्धास्त होतो.

तुर्भ्याच्या शीतगृहात

नवी मुंबईकरांनी हा विषय हिमालयावर ढकलू नये. तुर्भे-वाशीची शीतगृहं आणि तळोज्यातले मासळी प्रक्रिया कारखाने उणे १८ वर चालतात, ब्लास्ट फ्रीझर (माल झटपट गोठवणारे) त्याहून बराच खाली. ओल्या हातमोज्याने ट्रॉलीचा लोखंडी दांडा धरला की बोटं पांढरी पडतात. इथे पुन्हा गोठण्याचा प्रश्न नाही, उबदार खोली दहा पावलांवर आहे. तेव्हा वाट न बघता ३७-३९ अंशांचा टब. अमोनियाची गळती होऊन द्रव अंगावर उडाला तर ती गारठ्याची इजा आणि रसायनाची भाजणी दोन्ही असते. स्वतःला वाचवून त्याला बाहेर काढा आणि भरपूर पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा. कपडा कातडीला चिकटून गोठला असेल तर आधी पाण्याने सुटू द्या, ओढू नका.

पोरगा सुट्टीवर घरी आला की

काळं पडलेलं बोट घेऊन मुलगा ठाण्याच्या घरी येतो आणि घरात दोन गोष्टी सुरू होतात. आजी तव्यावर फडकं गरम करून शेक द्यायला बसते, कोणी मोहरीचं तेल चोळतं. दोन्ही थांबवा. त्या बोटाला गरम-गार कळत नाही, शेकाने ते भाजेल. चोळण्याने नाजूक कातडी सोलवटेल.

दुसरी घाई बोट कापून टाकायची. कोरडं काळं बोट बघून ओळखीचा कोणीतरी "काढून टाका, विष पसरेल" म्हणतो. कोरडं काळं बोट विष पसरवत नाही. जिवंत आणि मेलेल्या भागातली रेघ स्पष्ट व्हायला एक ते तीन महिने लागतात, आणि काळ्या सालीखालून पुष्कळदा धड बोट निघतं. जानेवारीत हिमदंश, जुलैत शस्त्रक्रिया, असं शल्यचिकित्सकांत म्हणतात ते यामुळेच. तोवर रोज ड्रेसिंग, सैल चप्पल, तंबाखू बंद आणि एसी लोकलमध्येसुद्धा मोजे. एकदा गोठलेलं बोट पुढच्या खेपेला लवकर गोठतं, हे युनिटला कळवून ठेवा.

थांबायचं नाही असे प्रसंगही आहेत. काळेपणा ओलसर झाला, घाण वास आला, पू दिसला, ताप चढला, किंवा लाल पट्टा घोट्याकडून वर सरकायला लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सेवेतल्या जवानाला कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. रात्र असेल आणि तिथवर पोचणं जमत नसेल तर जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय गाठा, पोस्टवरची ती चिठ्ठी सोबत घ्या आणि युनिटला तिथूनच फोन करा.